पाचशे मीटरची रेषा: लेबनॉनमधील रोख मदतीचे मूल्यमापन
सिरियातील युद्धामुळे लेबनॉनमध्ये आश्रय घेतलेल्या कुटुंबांना हिवाळा निभावता यावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने व सहयोगी संस्थांनी नोव्हेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ या काळात एटीएम कार्डांद्वारे प्रत्येकी एकूण ५७५ डॉलर दिले. समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून अधिक उंचीवर, म्हणजे अधिक थंडीत, राहणाऱ्यांना ही मदत मिळाली. या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहणारी कुटुंबे इतर सर्व बाबतींत जवळपास सारखी असल्याने त्यांच्यात नंतर दिसलेला फरक मदतीचाच परिणाम मानता येतो, आणि कोणालाही मुद्दाम वंचित न ठेवता तुलनागट मिळतो.

इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने याच तुलनेवर आधारलेल्या मूल्यमापनात असे दाखवले, की बालमजुरी घटली, शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले, बाजारभाव लक्षणीय चढले नाहीत आणि मदतीच्या प्रत्येक डॉलरमागे लेबनॉनच्या सकल देशांतर्गत उत्पादनात २.१३ डॉलरची भर पडली. रोख रक्कम चैनीत उडते, हा आक्षेप येथे टिकत नाही. मदत इंधन व उबदार कपड्यांसाठी होती, तरी तिचा मोठा भाग अन्न आणि पाण्यावर खर्च झाला; हा गैरवापर नव्हे, तर कुटुंबांची भूक योजनाकारांच्या अंदाजाहून मोठी असल्याचा पुरावा होय. मात्र लेबनॉनमध्ये दुकाने चालू होती व माल येत होता. वेढा पडलेल्या शहरात, जिथे पुरवठाच तुटलेला असतो, तिथे हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.