औद्योगिक अपघातांची चौकशी, अहिल्यानगर जिल्ह्यातील

काम चालू असताना व कामामुळे कामगारास अकस्मात इजा होणे किंवा मृत्यू येणे, यास औद्योगिक अपघात म्हणतात. अशा अपघाताची वर्दी मिळाल्यावर होणारी शासकीय चौकशी सामान्यतः तीन अंगांची असते. गुन्हा घडला आहे काय, हे पोलीस व दंडाधिकारी पाहतात. सुरक्षिततेचा कोणता नियम मोडला गेला, हे कारखाना-निरीक्षक शोधतो. कामगारास किंवा त्याच्या वारसांस किती भरपाई द्यावयाची, हे भरपाई आयुक्त ठरवितो. या तिघांचे प्रश्न वेगळे असल्याने एका चौकशीत कोणी दोषी न ठरल्यास दुसरी आपोआप संपत नाही. मात्र तिन्हींचा आरंभ वर्दीपासूनच होतो.

जिल्ह्यातील धोक्याची कामे : अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा, राज्यातील सर्वांत विस्तृत जिल्हा आहे. हरिगाव, टिळकनगर येथील खाजगी साखर कारखाने आणि त्यांमागून १९५० मध्ये प्रवरानगर येथे सुरू झालेला सहकारी कारखाना यांमुळे साखरधंदा येथे रुजला. नगरजवळील नागापूर व पारनेर तालुक्यातील सुपे येथे औद्योगिक वसाहती आहेत. साखर कारखान्यात गळीत हंगामात रात्रंदिवस पाळ्या चालतात. उसाची गव्हाण, चरकाचे रूळ, बगॅस वाहून नेणारे पट्टे, बाष्पके (बॉयलर) व मळीच्या टाक्या ही तेथील धोक्याची ठिकाणे होत. हंगाम संपल्यावर होणारी टाक्यांची सफाई व यंत्रांची दुरुस्ती ही कामेही तितकीच जोखमीची असतात. जिल्ह्याचा बराच श्रमिक वर्ग मात्र कारखान्याबाहेर, शेतीवर, ऊसतोडणीवर, विहिरींच्या खोदकामावर व बांधकामांवर राबतो.

कायद्याचा विकास : भारतात कारखान्यांविषयीचा पहिला कायदा १८८१ मध्ये झाला. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. औद्योगिक अपघातांची सूचना श्रम-निरीक्षकांना मिळाली पाहिजे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९४७ च्या श्रमनिरीक्षणविषयक संकेतात आले. भारताने तो १९४९ मध्ये मान्य केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही सूचना देणे व्यवस्थापकावर बंधनकारक केले. १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन स्फोट, आग यांसारख्या विहित धोकादायक घटना कोणास इजा झाली नसली तरी कळविणे आवश्यक ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवगाव तालुक्यातील गंगामाई साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पास लागलेल्या आगीसारख्या घटनांमुळे या तरतुदीचे महत्त्व ध्यानात येते. भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये अधिनियम अधिक कडक करण्यात आला. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने १९४८ च्या अधिनियमाची जागा घेतली आहे.

निरीक्षकाची चौकशी : अपघातात मृत्यू आला किंवा इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर विहित अधिकाऱ्यास सूचना द्यावी लागते. महाराष्ट्रात कारखान्यांच्या बाबतीत हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. मृत्यूच्या प्रकरणी सूचना मिळाल्यापासून एका महिन्यात चौकशी करण्याचे बंधन जुन्या अधिनियमात होते. संहितेने ही मुदत दोन महिन्यांची केली आहे. निरीक्षक कारखान्यात प्रवेश करून यंत्राची पाहणी करतो, नोंदवह्या तपासतो व साक्षीदारांचे जबाब घेतो. तपासणी होईपर्यंत जागा व वस्तू जशाच्या तशा ठेवण्याचा आदेशही तो देऊ शकतो. स्वतःस गुन्ह्यात गोवणारे उत्तर देण्याची सक्ती मात्र कोणावरही करता येत नाही. फिरत्या भागास संरक्षक जाळी होती काय, दुरुस्तीपूर्वी वीजप्रवाह तोडला होता काय, टाकीत उतरण्यापूर्वी वायूची परीक्षा झाली होती काय, कामगारास शिक्षण व देखरेख मिळाली होती काय, असे प्रश्न तो विचारतो. कामगाराची चूक एवढेच कारण नोंदवून चौकशी थांबल्यास तोच अपघात दुसऱ्या पाळीत पुन्हा घडू शकतो; म्हणून चूक घडू देणारी परिस्थिती शोधणे, हे या चौकशीचे खरे प्रयोजन होय. नियमभंगामुळे मृत्यू ओढवल्यास संहितेनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची निम्म्याहून कमी नसेल इतकी रक्कम वारसांस देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते.

पोलीस व दंडाधिकारी : यंत्रामुळे किंवा अपघाताने आलेल्या मृत्यूची वर्दी मिळाल्यावर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात आणि आवश्यक तेथे शवविच्छेदनासाठी प्रेत पाठवितात. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. गावात अनैसर्गिक मृत्यू घडल्यास पोलीस ठाण्यास खबर देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य असते. हयगयीमुळे मृत्यू ओढवल्याचे दिसून आल्यास गुन्हा दाखल होतो.

काही अपघातांसाठी आणखी वेगळ्या यंत्रणा आहेत. बाष्पकाच्या अपघाताची खबर निरीक्षकास २४ तासांच्या आत देण्याचा दंडक १९२३ च्या बाष्पके अधिनियमाने घातला. त्या अधिनियमाची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतो. स्फोटक द्रव्यांच्या अपघातात जीवितहानी झाल्यास १८८४ च्या अधिनियमानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याने स्वतः किंवा दुय्यम दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी करावयाची असते.

नुकसानभरपाई : भरपाईसाठी मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, अपघात कामामुळे व कामाच्या ओघात घडला, एवढे पुरेसे असते. मृत्यू आल्यास कामगाराने नियम मोडला होता, हा बचाव मालकास घेता येत नाही. मृत्यूची भरपाई काढताना विहित मर्यादेतील मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणतात. हा गुणक १६ वर्षांपर्यंत २२८.५४, तर ६५ वर्षांपासून पुढे ९९.३७ आहे, विहित किमान रकमेपेक्षा भरपाई कमी नसते. कामगार राज्य विमा योजनेखाली विमा असलेल्यांना मालकाऐवजी विमा निगमाकडून लाभ मिळतात. पूर्वी स्वतंत्र असलेल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या आहेत.

कारखान्याबाहेरील कामे : येथे या व्यवस्थेची उणीव स्पष्ट होते. १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत १२ फुटांहून खोल किंवा सुरुंग वापरून केलेल्या खोदकामावरील कामगारांचा समावेश होता. त्यामुळे विहीर खोदताना मृत्यू पावलेल्या मजुराच्या वारसांना भरपाई मागता येई. सुरक्षिततेची संहिता मात्र सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होते. विहिरीवरील टोळी बहुधा त्याहून लहान असते. परिणामी यारी कशी बसविली होती, दोर किती जुना होता, हे तपासणारा निरीक्षक तेथे येत नाही. मृत्यूचा पंचनामा होतो, पण सुरक्षिततेचा धडा कोठे नोंदला जात नाही. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळे १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम करण्यात आला. त्याचा रोख यंत्राच्या रचनेवर होता. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे असलेल्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूबद्दल दोन लाख रुपये सानुग्रह अनुदान मिळते. परंतु ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरती असल्याने भूमिहीन मजूर तिच्याबाहेर राहतो.

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाचा गाळ साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले व त्यांतील पाच मरण पावले. ही घटना औद्योगिक नव्हती. पण कारखान्यातील टाक्यांसाठी वायूची परीक्षा, श्वसनसाधन आणि दोर लावलेला कमरपट्टा यांविषयी कायद्याने घातलेले नियम ज्या धोक्यासाठी आहेत, तोच धोका येथे होता. कारखान्यातील अपघाताची चौकशी होते म्हणून असे नियम घडतात. विहिरी, शेते व लहान बांधकामे यांवरील अपघातांची वर्दी सुरक्षा यंत्रणेपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था होत नाही, तोवर तेथील मृत्यू केवळ अकस्मात मृत्यूच्या नोंदीपुरतेच उरतात.