बार्मेन घोषणापत्र

जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चच्या प्रतिनिधींनी नाझी राजवटीत प्रसिद्ध केलेले सहाकलमी श्रद्धाविषयक घोषणापत्र. व्हुपर्टाल शहराच्या बार्मेन या भागात २९ ते ३१ मे १९३४ या काळात भरलेल्या धर्मसभेने ते संमत केले. सभेस ल्यूथरपंथी, रिफॉर्म्ड व संयुक्त या तीनही परंपरांचे सु. १४० प्रतिनिधी उपस्थित होते. मसुदा मुख्यत्वे स्विस धर्मपंडित कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याने तयार केला. ख्रिस्ती माणसाने राज्यसत्तेशी कसे वागावे, या जुन्या प्रश्नाचे आधुनिक काळातील एक महत्त्वाचे उत्तर म्हणून त्याकडे पाहिले जाते.

या प्रश्नावर नव्या करारात दोन्ही बाजूंची वचने आढळतात. संत पॉलच्या रोमकरांस पत्रात (१३ : १–७) राज्यकर्त्यांची सत्ता देवनियुक्त असून दुष्कृत्यांना शासन करणे हे तिचे कार्य होय, म्हणून तिच्या अधीन राहावे व कर द्यावा, असे सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (५ : २९) मात्र धर्मोपदेशावरील बंदी नाकारताना प्रेषित देवाची आज्ञा मानवी आज्ञेहून श्रेष्ठ मानतात. मार्टिन ल्यूथरने १५२३ मध्ये ऐहिक सत्तेवर ग्रंथ लिहून, माणसाच्या श्रद्धेवर या सत्तेची हुकमत चालत नाही, असे प्रतिपादिले. तथापि जर्मनीतील प्रॉटेस्टंट प्रदेशांत १९१८ पर्यंत राजे हेच चर्चचे प्रमुख असल्याने पॉलच्या वचनाचा अर्थ निरपवाद आज्ञापालन असा घेण्याची परंपरा दृढ झाली होती.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी जुलैमधील चर्चच्या निवडणुकांत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाने बहुमत मिळविले व सप्टेंबरमध्ये लूटव्हिख म्यूलर राष्ट्रीय बिशप झाला. ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना पदावरून दूर करणारा ‘आर्य परिच्छेद’ प्रशियाच्या चर्चने स्वीकारला. त्याविरुद्ध मार्टिन नीमलर (१८९२–१९८४) याने धर्मोपदेशकांची संघटना उभारली. तीतूनच पुढे ‘कन्फेसिंग चर्च’ (श्रद्धेची उघड ग्वाही देणारे चर्च) आकारास आले.

घोषणापत्राच्या पहिल्या कलमानुसार येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द असून त्याच्या जोडीला अन्य घटना, सत्ता वा व्यक्ती यांना साक्षात्काराचे स्थान देता येत नाही. पाचवे कलम राज्यसंस्थेविषयी आहे. न्याय व शांतता राखणे आणि त्यासाठी प्रसंगी बळाचा वापर करणे, हे राज्याचे देवदत्त कार्य त्यात कृतज्ञतेने मान्य केले आहे. मात्र राज्याने मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होऊ नये, त्याचप्रमाणे चर्चनेही राज्याचे अंग बनू नये, असे त्यात बजाविले आहे. म्हणजे आज्ञापालन नाकारलेले नाही. त्याला मर्यादा घातली आहे.

ही मर्यादा प्रामुख्याने चर्चच्या स्वातंत्र्यापुरती राहिली. घोषणापत्रात ज्यूंच्या छळाचा उल्लेख नाही. डीट्रिख बोनहफर (१९०६–४५) याने १९३३ मध्येच एका निबंधात चर्चची त्रिविध कर्तव्ये सांगितली होती : राज्याला त्याच्या कृत्यांचा जाब विचारणे, त्या कृत्यांना बळी पडलेल्यांना ते ख्रिस्ती नसले तरी साहाय्य करणे आणि अखेरीस अन्यायाचे चाकच रोखणे. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या बार्टला प्राध्यापकपद गमवावे लागून १९३५ मध्ये जर्मनी सोडावी लागली. नीमलर १९३७ ते १९४५ कैदेत होता. बोनहफरला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आली. मात्र १९३८ मध्ये धर्मोपदेशकांकडे हिटलरनिष्ठेची शपथ मागण्यात आली, तेव्हा कन्फेसिंग चर्चमधीलही अनेकांनी ती घेतली. ज्यूंचा प्रश्न आपण त्या वेळी निर्णायक मानला नाही, हा आपला दोष असल्याचे बार्टने १९६७ मध्ये मान्य केले.

युद्धोत्तर काळात अनेक चर्चनी हे घोषणापत्र आपल्या श्रद्धाग्रंथांत समाविष्ट केले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध १९८२ मध्ये तयार झालेल्या व १९८६ मध्ये स्वीकृत झालेल्या बेलहार घोषणापत्रावर त्याचा प्रभाव आहे. बेलहारने न्यायाची मागणी स्पष्टपणे मांडून, अन्यायग्रस्तांच्या बाजूने उभे राहणे हे चर्चचे कर्तव्य ठरविले. बार्मेन येथे अनुच्चारित राहिलेला भाग अशा रीतीने पुढील पिढीने श्रद्धेच्या भाषेत नोंदविला.