टेलिग्राम बॉट सेटअप: दहा मिनिटांचं काम आणि एक महागात पडणारी चूक

ऑर्डर घेणारा टेलिग्राम बॉट कसा बनवायचा, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. व्हिडिओत माझा हात जरा भरभर चालतो आणि काही गोष्टी निसटतात. त्या इथे निवांत सांगतो. कमांड इथे मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना व्हिडिओत दिसतात तशा इंग्रजीतच करा.

आधी एक बघा, तुमचं गिऱ्हाईक टेलिग्राम वापरतं का? आपल्याकडे बहुतेक लोक व्हॉट्सॲपवर असतात, हे मलाही माहीत आहे. पण तिथे एपीआय घ्यायचा म्हणजे बिझनेस खातं, नंबरची नोंदणी आणि काही मेसेजना पैसे. टेलिग्रामची बॉट सेवा २०१५ पासून आहे, साध्या बॉटला पैसे लागत नाहीत. शिकायला हीच बरी.

टेलिग्राममध्ये ‘बॉटफादर’ शोधा, नावापुढची निळी टिक बघूनच उघडा. ‘स्लॅश न्यूबॉट’ पाठवा. तो आधी बॉटचं नाव विचारतो, मग युजरनेम. युजरनेमच्या शेवटी ‘बॉट’ असावंच लागतं. मग तो एक टोकन देतो: आधी काही आकडे, मग कोलन, पुढे अक्षरांची लांबलचक माळ. याच्याकडे परत येऊ.

आता लायब्ररी. कमांड आहे ‘पिप इन्स्टॉल पायथन-टेलिग्राम-बॉट’. पूर्ण नाव लिहा. प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करताना नुसतं ‘टेलिग्राम’ लिहितात, म्हणून बरेच जण इन्स्टॉलही तेवढंच करतात. ते पॅकेज वेगळं आहे! स्वतःच्या फाईललाही ‘टेलिग्राम डॉट पीवाय’ नाव देऊ नका. पायथन लायब्ररी सोडून तुमचीच फाईल उघडतो आणि तुम्ही तासभर डोकं खाजवत बसता.

कुठून तरी जुना कोड उचललात तर ‘यूज कॉन्टेक्स्ट’वर एरर येईल. तुमची चूक नाही. या लायब्ररीची १३ नंतर थेट २० नंबरची आवृत्ती आली, २०२३ च्या सुरुवातीला, आणि रचनाच बदलली. आता ‘ॲप्लिकेशन बिल्डर’ने सुरुवात होते, फंक्शनच्या आधी ‘असिंक’ आणि मेसेज पाठवताना ‘अवेट’ लागतं. कोडमध्ये ‘डिस्पॅचर’ दिसला की समजा, कोड जुना आहे.

आता टोकन. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा घरगुती फराळाचा व्यवसाय. दिवाळीआधी त्यांचा बॉट छान चालू झाला. एका संध्याकाळी चार गिऱ्हाइकांचे फोन आले, ‘ऑर्डर कन्फर्म झाली ना, मग चकल्या कुठायत?’ ताईंच्या यादीत त्या ऑर्डर नव्हत्याच. स्क्रीनवर मधूनच ‘कॉन्फ्लिक्ट’ अशी एरर येत होती.

झालं होतं असं. ताईंनी एका शंकेसाठी आख्खी फाईल बॅचच्या ग्रुपवर टाकली. टोकन त्यातच लिहिलेलं. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने ‘चालवून बघतो’ म्हणून ती स्वतःच्या लॅपटॉपवर चालवली. बॉट टेलिग्रामला सतत विचारत असतो, नवीन काही आलंय का? एका टोकनवर दोन प्रोग्राम विचारू लागले की मेसेज ज्याच्या हाती लागेल त्याचा. कोड तोच, म्हणून गिऱ्हाइकाला ‘ऑर्डर मिळाली’ हे उत्तरही गेलं. ऑर्डर मात्र भलत्याच लॅपटॉपवर लिहिली गेली. कोणाच्या मनात पाप नव्हतं. खरं तर चूक माझी, कारण वर्गात मी दिलेल्या नमुना फाईलमध्येच टोकन तिसऱ्या ओळीत होतं.

तेव्हापासून मी टोकन वेगळ्या ‘डॉट ईएनव्ही’ फाईलमध्ये ठेवायला लावतो. प्रोग्राम ते तिथून वाचतो. कोड कोणालाही पाठवा, ही फाईल नाही. गिटहबवर टाकत असाल तर तिचं नाव ‘गिट इग्नोर’मध्ये आधी लिहा, नंतर नाही. आणि टोकन कोणी पाहिलंय अशी नुसती शंका आली तरी बॉटफादरला ‘स्लॅश रिव्होक’ पाठवा. नवीन टोकन मिळतं, जुनं बंद होतं, गिऱ्हाइकांना काही करावं लागत नाही. ताईंचं काम यानेच सुटलं. त्या चार ऑर्डर त्या विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवरून काढून दिल्या.

एक राहिलंच. लॅपटॉप बंद केला की बॉटही बंद. तोवर आलेले मेसेज टेलिग्राम २४ तासांपर्यंत सांभाळतं, बॉट चालू झाला की देतं. मात्र कोडमध्ये ‘ड्रॉप पेंडिंग अपडेट्स’ ट्रू असेल तर ते सगळे टाकून दिले जातात. ऑर्डरच्या बॉटमध्ये ते नकोच. ताई दिवाळीत मुलाचा जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवतात. सर्व्हरवर बॉट कसा टाकायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू.