एकच पेला, दोन गुणपत्रिका

द्राक्षाच्या रसावरून दोन जाणकार माणसे जाहीरपणे भांडतात आणि वीस वर्षे उलटून गेली तरी लोक ते भांडण चवीने सांगत राहतात, हे आपल्याकडच्या वाचकाला जरा गमतीचे वाटेल. पण आपणही काही कमी नाही. एकाच मैफलीवर दोन वर्तमानपत्रांत दोन टोकांची परीक्षणे येतात, आणि गवई मात्र त्यातले एकच कात्रण जपून ठेवतो. आज ज्या भांडणाविषयी लिहितो आहे त्यात गवयाच्या जागी फ्रान्समधली एक तांबडी वाइन होती. रविवारची पुरवणी घरात आजोबांपासून नातीपर्यंत सगळे वाचतात, तेव्हा आधीच सांगून टाकतो की कोणाच्या हाती पेला देण्याचा माझा इरादा नाही. मला रस आहे तो गुणपत्रिकांत. उमेदीची वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या प्रस्तावांना गुण देण्यात गेली की हा रस निवृत्तीनंतरही सुटत नाही.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो हा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथे दोर्दोन्य नदीच्या उजव्या अंगाला सेंट एमिलियन नावाचे चुनखडीच्या दगडात बांधलेले जुने गाव आहे. इथले मुख्य द्राक्ष म्हणजे मर्लो. निळेकाळे आणि लवकर पिकणारे. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही तिकडची दुसरी नामवंत जात जरा करड्या स्वभावाची. तिची वाइन कोवळी असताना तोंड आखडून टाकते. मर्लोची मात्र मऊ, भरदार, जिभेवर सावकाश पसरणारी. गावालगत दक्षिणेकडे उतरणाऱ्या टेकडीवर शातो पावी ही मोठी बाग आहे. १९९८ मध्ये ती जेरार पेर्स यांनी विकत घेतली. सुपरमार्केटच्या धंद्यात पैसा मिळवलेला हा माणूस, म्हणजे जुन्या घराण्यांच्या दृष्टीने उपराच. त्याने वेलीवरचे घड कमी केले, उरलेले पूर्ण पिकू दिले, तळघरे नव्याने बांधली, ओकची नवी पिंपे आणली, आणि मिशेल रोलाँ या नामांकित तज्ज्ञाचा सल्ला घेतला. (हेच रोलाँ नव्वदच्या दशकापासून बंगलोरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर यांच्या बागेलाही सल्ला देत आले. जग लहान आहे, वाइनचे तर फारच.) पेर्स यांना हवी होती दाट, गडद, पहिल्याच घोटाला दाद घेणारी वाइन.

मग आला २००३ चा उन्हाळा. त्या ऑगस्टमध्ये युरोपभर अशी उष्णतेची लाट आली की एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. द्राक्षबागाही होरपळल्या. अशा उन्हात द्राक्षात साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा उतरतो. पुढे त्याच साखरेचे मद्यार्क होते. मर्लो लवकर पिकणारी, म्हणून तिला हा फटका अधिक. पावीच्या टेकडीतल्या चिकणमातीने आणि चुनखडीने ओल थोडी धरून ठेवली. त्या वर्षी तिथे जी वाइन झाली तिच्यात सुमारे सत्तर टक्के मर्लो होती. रंगाने काळपट, अंगाने दाट.

आता बोर्दोची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर भांडणातली मेख लक्षात येणार नाही. शरद ऋतूत तयार झालेली वाइन पिंपात मुरायला ठेवतात आणि पुढच्या वसंतात, जेमतेम सहा महिन्यांची असताना, जगभरचे समीक्षक आणि व्यापारी येऊन ती चाखतात. बाटलीत ती भरली जाते त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने. दर मात्र या चाखण्यानंतर लगेच फुटतात आणि गिऱ्हाईक पैसे आगाऊ मोजते. म्हणजे समीक्षक ज्याला गुण देतो ती वाइन अजून व्हायचीच असते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हा ताळेबंद नव्हे, हा अंदाजी ताळेबंद. कर्जप्रस्तावाला जोडलेले पुढच्या पाच वर्षांचे ते गुलाबी आकडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

२००४ च्या वसंतात रॉबर्ट पार्कर यांनी पावीची ही कोवळी वाइन चाखली. अमेरिकेतल्या मेरीलँडचा हा गृहस्थ मूळचा वकील, आणि मला आवडणारा तपशील असा की तो बाल्टिमोरच्या शेती-कर्ज बँकांच्या कायदा विभागात नोकरीला होता. १९७८ मध्ये त्याने स्वतःचे वाइन-पत्रक काढले, १९८४ मध्ये नोकरी सोडली आणि पुढे शंभरपैकी गुण देण्याच्या पद्धतीने साऱ्या व्यापाराला आपल्या जिभेकडे बघायला लावले. पावीला त्याने शंभराच्या उंबरठ्यावरचे गुण दिले. अफाट समृद्ध, तरीही ताजी, काळ्या-तांबड्या फळांची, धुराची आणि ज्येष्ठमधाची आठवण देणारी, असा त्याचा शेरा होता.

तीच वाइन लंडनच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी चाखली. रॉबिन्सनबाईंचा अधिकारही लहान नव्हे. वाइनच्या व्यापाराबाहेरून येऊन ‘मास्टर ऑफ वाइन’ ही अवघड परीक्षा पार करणाऱ्या त्या पहिल्या, साल १९८४. वाइनचा ऑक्सफर्ड कोशही त्यांनीच संपादित केला. त्यांनी पावीला वीसपैकी बारा दिले. त्यांच्या मोजपट्टीवर बारा म्हणजे जवळजवळ सदोष. वास अतिपक्व फळांचा, चव पोर्टसारखी गोड. पोर्ट प्यायची तर ती पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली प्यावी, सेंट एमिलियनमधली कशाला, असा त्यांचा रोख होता. क्लाइव्ह कोट्स हा दुसरा इंग्रज समीक्षक तर ज्याला ही वाइन चांगली वाटते त्याचा मेंदू आणि टाळू दोन्ही बदलायला हवेत, या थराला गेला. पार्करने बाईंवर पावीविषयीच्या आकसाचा ठपका ठेवला. आपण नाव झाकूनच वाइन चाखली होती, असे उत्तर बाईंनी दिले. पुढचे काही आठवडे वाइनच्या दुनियेत दुसरा विषय नव्हता.

अशा वेळी सामान्य माणूस सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, चला, म्हणजे या लोकांना काही कळत नाही. त्याच्या बाजूने पुरावाही आहे. २००१ मध्ये बोर्दोच्याच संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती ५४ जणांना दिली, आणि चाखणाऱ्यांनी तिला तांबड्या वाइनची विशेषणे लावली. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांपुढे न सांगता तीनदा ठेवली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे दहातले एक निघाले. त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण पावीच्या प्रकरणाला हा पुरावा लागू पडत नाही असे माझे मत आहे. दोघांचे शेरे शेजारी ठेवून वाचले तर मौज दिसते. गडद, दाट, अतिशय पिकलेली, मद्यार्काने भरलेली: पेल्यात काय आहे याबद्दल दोघांत फारसा वाद नाहीच. जून झालेला हापूस एकाला मधासारखा लागतो आणि दुसरा नाक मुरडून म्हणतो की हा उतरला. आंबा दोघांनीही बरोबरच ओळखलेला असतो.

बँकेत असताना तासगावकडच्या एका तरुणाचा बेदाण्याच्या शेडसाठी कर्जप्रस्ताव आला होता. त्याचे वडील शिक्षक, घरात धंदा कोणी केलेला नाही. एका अधिकाऱ्याने टिपणात लिहिले, ‘प्रवर्तकाला या व्यवसायाची पार्श्वभूमी नाही.’ दुसऱ्याने लिहिले, ‘पहिल्या पिढीचा उद्योजक.’ वस्तुस्थिती एकच, शाई वेगळी. टिपण वाचून मंजुरी देणाऱ्या साहेबांपुढे मात्र दोन वेगळी माणसे उभी राहिली.

इथेही तसेच. पार्करच्या लेखी समृद्धी हाच गुण आहे, मग ती कोणत्याही गावची असो. रॉबिन्सनबाई आधी विचारतात, की बाटलीवर सेंट एमिलियन लिहिले आहे, तर आत सेंट एमिलियन कुठे आहे? यांतला एक प्रश्न जिभेचा आहे, दुसरा वचनाचा. मी स्वतः बाईंच्या बाजूला झुकतो. बाटलीवरचे नाव हे एक प्रकारचे हमीपत्र असते असे मला वाटते. तरी पार्करचेही एक मानले पाहिजे. एखाद्या बागेला केवळ तिच्या जुन्या नावासाठी गुण द्यायचे नाहीत हा त्याचा बाणा होता, आणि पेर्ससारख्या उपऱ्याला त्याचाच आधार वाटला.

आणखी एक अडचण कोवळेपणाची. कोवळ्या तांबड्या वाइनमध्ये साली-बियांतून आणि नव्या पिंपाच्या लाकडातून आलेला तुरटपणा असतो. तुरट म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. जांभूळ, आवळा, हिरडा, कच्ची सुपारी यांनी आपली जीभ लहानपणीच तयार केलेली असते आणि आयुर्वेदाने तर कषाय हा सहा रसांतला एक रस मानला आहे. हा तुरटपणा वर्षांमागून वर्षे मवाळ होत जातो. आज खटकणारी दाटी पंधरा वर्षांनी भारदस्तपणा वाटेल की नुसताच जडपणा, हे सहा महिन्यांच्या नमुन्यावरून ओळखायचे असते. आंबटपणा वाइनला टिकवतो. २००३ मध्ये नेमका तोच कमी होता. म्हणून बाईंचा संशय निराधार नव्हता आणि पार्करचा विश्वास म्हणजे जुगार होता, निदान जाणकाराचा जुगार.

या जुगारात पैसा इतरांचा लागलेला असतो. पार्करच्या गुणांची किंमत मोजण्याची संधी अर्थतज्ज्ञांना योगायोगाने मिळाली. २००३ च्या वसंतात इराक युद्धाच्या सावटामुळे तो नेहमीप्रमाणे बोर्दोला गेला नाही आणि त्या वर्षीचे दर त्याच्या गुणांविनाच फुटले. इतर वर्षांशी तुलना करून त्यांनी हिशेब काढला की त्याच्या गुणांचा परिणाम सरासरी बाटलीमागे २.८० युरो पडतो. आकडा ऐकायला किरकोळ. लाखो बाटल्यांनी गुणून पाहावा. मग पिंपातली वाइन मुरवताना त्या एका जिभेची आवड डोळ्यांसमोर ठेवणारे बागवाले का निघाले, हे निराळे सांगायला नको. रॉबिन्सनबाईंच्या बारा गुणांमागे हीही चिडचिड असावी असा मला संशय आहे.

पेर्स यांचे पुढे काही बिघडले नाही. सेंट एमिलियनमध्ये बागांची प्रतवारी साधारण दर दहा वर्षांनी नव्याने होते. २०१२ मध्ये पावी सर्वांत वरच्या श्रेणीत जाऊन बसली. जुन्या मानकऱ्यांपैकी ओझोन आणि शव्हाल ब्लाँ यांनी २०२१ मध्ये या प्रतवारीतून अंग काढून घेतले. २०२२ च्या यादीत त्या श्रेणीत पावी आणि फिजाक ही दोनच नावे उरली. पार्कर २०१९ मध्ये निवृत्त झाला. रॉबिन्सनबाई लिहितच राहिल्या. मी ती २००३ ची पावी चाखलेली नाही, बँकेच्या पेन्शनमध्ये ती बसतही नाही. ज्यांनी तेव्हा आगाऊ पैसे भरून पेट्या घेतल्या त्यांच्यातल्या काही तळघरांत ती अजून आडवी पडली असेल. पार्करने आपल्या शेऱ्यात तिला दिलेली मुदत २०४० पर्यंतची आहे.