एका शहराच्या नळाला दुसऱ्या शहराची साथ

पहाटे नळ सूं-सूं करू लागला की घराघरांत धावपळ उडते. हंडे, कळश्या, बादल्या मिळेल ते भरून ठेवायचे, कारण पाणी केव्हा जाईल याचा नेम नसतो. ‘धरणातच पाणी नाही, त्याला कोण काय करणार?’ अशी आपण मनाची समजूत घालतो. पण दोष नेहमी धरणाचाच असतो का?

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह मेकाँग नदीच्या काठी वसलेली आहे. पाण्याला तिथे तोटा नाही. तरीही १९९३ साली शंभरातल्या जेमतेम पंचवीस घरांना नळाचे पाणी मिळे, तेही दिवसातून दहा तास. ख्मेर रूज राजवटीने १९७५ मध्ये सारे शहर रिकामे केले होते. जाणकार माणसे गेली, यंत्रे मोडकळीस आली. शुद्ध केलेल्या शंभर लिटर पाण्यापैकी ७२ लिटरचा पैसाच येत नव्हता. काही पाणी गळतीत जाई, काही चोरीच्या जोडण्यांत. गरिबांना मात्र फेरीवाल्याकडून कितीतरी पट महाग पाणी विकत घ्यावे लागे.

त्या वर्षी एक्क सोन चान या अभियंत्याकडे पाणीपुरवठ्याची सूत्रे आली. प्रत्येक जोडणीला मीटर आणि प्रत्येकाला बिल, असा त्यांचा नियम होता. लष्करातल्या एका बड्या अधिकाऱ्याची जोडणी तोडायला ते गेले, तेव्हा त्याने थेट त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावले. चान मागे फिरले, पण सशस्त्र पोलीस घेऊन परत आले आणि जोडणी तोडूनच गेले. चोरीत सामील झालेल्या कर्मचाऱ्यांचीही त्यांनी गय केली नाही.

परंतु धाडसाने चोरी थांबली, तरी जमिनीखालची गळती कशी सापडणार? इथे मदतीला आले जपानमधले कीताक्यूशू शहर. १९९९ पासून तिथल्या पाणी खात्याचे अभियंते नॉम पेन्हला येऊ लागले. ते काही विकायला आले नव्हते. रोज हेच काम करणारी ती माणसे होती. त्यांनी शहराच्या जलवाहिन्यांचे विभाग पाडायला आणि प्रत्येक विभागात किती पाणी शिरते, दाब किती आहे, हे केंद्रात बसून पाहायला शिकवले. मध्यरात्री सारे झोपलेले असताना एखाद्या विभागात पाणी जोरात वाहत असेल, तर गळती तिथेच! मग दुरुस्तीचे पथक थेट त्या भागात पाठवता येते.

या कष्टांचे फळ काय मिळाले? २००८ पर्यंत वाया जाणारे पाणी ७२ टक्क्यांवरून सुमारे ६ टक्क्यांवर आले. नव्वद टक्के लोकांपर्यंत नळ पोचला आणि पाणी चोवीस तास येऊ लागले. गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात ३० टक्क्यांपासून थेट संपूर्ण सवलत मिळाली. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढचा भाग तर अधिक सुखावणारा आहे. जे शिकले तेच शिक्षक झाले! कंबोडियातल्या आठ प्रांतिक शहरांच्या पाणी खात्यांना तयार करताना जपानी अभियंत्यांच्या बरोबरीने नॉम पेन्हचे कर्मचारीही शिकवायला उभे राहिले.

अशा देवाणघेवाणीला जगभर वाव मिळावा, ही सूचना २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाणी सल्लागार मंडळाने केली. जपानचे माजी पंतप्रधान र्‍यूतारो हाशिमोतो त्याचे अध्यक्ष होते. नफा न घेता एका शहराच्या पाणी खात्याने दुसऱ्याला हात द्यायचा, हे तिचे सूत्र. त्यासाठी २००९ मध्ये एक जागतिक मंचही स्थापन झाला.

अर्थात सारेच प्रश्न सुटले असे नाही. घरात पाणी आले की सांडपाणीही वाढते. नॉम पेन्हचे सांडपाणी वर्षानुवर्षे शुद्ध न होताच दक्षिणेच्या पाणथळ भागात जात राहिले. नळापेक्षा गटाराकडे उशिरा लक्ष जाते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

शेजारणीकडून विरजण आणावे, तसे हे ज्ञान आहे. वाटीभर आणले तरी पातेलेभर दही लागते, आणि उद्या आपणही दुसरीला वाटीभर देऊ शकतो. मात्र दूध आपले आपणच तापवावे लागते. ते काम नॉम पेन्हने आधी केले होते.