एकच बिघाड, दोन पत्ते

सिकलसेलचं मूळ जनुकातल्या एका अक्षरात आहे. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन बसतं. प्रथिनाच्या साखळीतली ही जागा जुन्या शोधनिबंधांत सहावी, नव्या नियमांत सातवी. कारण आता मोजणी साखळीच्या सुरुवातीच्या, पुढे छाटल्या जाणाऱ्या मेथिओनिनपासून सुरू होते. संगणकाला ही दोन वेगळी म्युटेशन्स वाटू शकतात. आजारांच्या जनुकीय डेटाबेसमागची बरीचशी हमाली असल्या जुळवाजुळवीचीच.

एक्सेलची तर तऱ्हाच न्यारी! ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची तो खुशाल तारीख करून टाकायचा. अखेर जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांचीच नावं बदलली.

पण खरी ग्यानबाची मेख नमुन्यांत आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराला जबाबदार धरलेली काही म्युटेशन्स कृष्णवर्णीयांत सर्रास आढळतात आणि निरुपद्रवी आहेत, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०१६ साली दाखवलं. मूळ अभ्यासांत तुलनेसाठी निरोगी कृष्णवर्णीय पुरेसे घेतलेच नव्हते. तोवर चुकीचे रिपोर्ट रुग्णांच्या हाती पडले होते.

भारतीयांची तुलना भारतीयांशीच करायची तर इथले नमुने हवेत. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने ८०हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले. जानेवारी २०२५पासून संशोधकांना हा डेटा फरिदाबादच्या केंद्राकडे रीतसर अर्ज करून मिळतो.