हनुवटीला टाके पडले. सांधा कोणी पाहिला?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ वॉर्डात येतात, दमा-बीपीची चौकशी करतात आणि मग म्हणतात, "आता तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा." ऑपरेशन हर्नियाचं, मग घशात काय बघायचंय, असं पेशंटला वाटतं. भूलतज्ज्ञ तेवढ्यात पाहून घेतात, की पडजीभ पूर्ण दिसते, अर्धी दिसते की सगळं जिभेआड झाकलं जातं. मग बाजूने चेहरा पाहतात, हनुवटी आत गेलेली आहे का ते बघायला. पडजिभेच्या या पाहणीला मूळचे आंध्रातले, बोस्टनमध्ये काम केलेले डॉ. शेषगिरी मल्लमपाटी यांचं नाव आहे. त्यांचा निबंध १९८५चा. भूल दिल्यावर श्वासाची नळी घालणं कितपत जड जाईल, याचा अंदाज चेहऱ्यावरून बांधता येतो, तो का?

नाकाला हाडाची चौकट आहे. कंठाखालची श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी धरलेली आहे. मधल्या घशाला मात्र स्वतःचा सांगाडा नाही. मागे मणके आहेत, पण पुढची आणि बाजूची भिंत नुसत्या मांसाची. ती अडकवलेली असते जबड्यांना. टाळू वरच्या जबड्याच्या आधाराने, जीभ खालच्या. जिभेचा सगळ्यात मोठा स्नायू, जिनिओग्लॉसस, हनुवटीच्या आतल्या बाजूच्या बारीक हाडी उंचवट्यांपासून निघतो. जिभेखालचं हायॉइड हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. ते स्नायूंवर तरंगतं आणि त्यांतले काही स्नायू पुन्हा खालच्या जबड्यालाच. म्हणजे हनुवटी बोटभर मागे, तर जीभही तितकी मागे.

जागेपणी हे स्नायू ताठ असतात, म्हणून निभावतं. झोपेत ते सैलावतात. पातळ स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉ चपटी होते, तसा श्वास आत ओढताना अरुंद घसा मिटतो. थोडा मिटला तर घोरणं. पूर्ण मिटला आणि मोठ्या माणसात १० सेकंद किंवा जास्त तसाच राहिला, की त्याला अॅप्निया म्हणतात. बेशुद्ध माणसाचा जबडा दोन्ही कोपऱ्यांशी धरून पुढे उचलला की घसा मोकळा होतो, हे १८७०च्या दशकात युरोपातल्या हायबर्ग आणि एस्मार्क या सर्जननी सांगून ठेवलं होतं. १९२३ साली पॅरिसच्या पिएर रोबँ यांनी अगदी लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास अडतो, हे मांडलं. अशा बाळांना आजही आधी पोटावर झोपवून पाहतात.

आपल्याकडे मात्र घोरणारा म्हणजे लठ्ठ, असं समीकरण पक्कं आहे. ते निम्मंच खरं. जिभेवर, घशाभोवती चरबी चढते हे कबूल. पण ती किती नडणार, हे भोवतालच्या जबड्याच्या चौकटीत जागा किती यावर ठरतं. शिरो इसोनो या जपानी भूलतज्ज्ञांनी नेमका हाच हिशेब मांडला. चौकट लहान असेल तर बारीक माणसाचाही घसा मिटतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता, ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीने दिवसा पेंगही येत होती.

पण मला ज्याबद्दल मुख्यतः लिहायचं आहे, ती मुलं अशा पाहण्यांत येतच नाहीत.

चार-पाच वर्षांचं मूल जिन्यावरून किंवा गच्चीवरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, रक्त येतं, जवळच्या दवाखान्यात टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. मार मात्र जबड्याच्या हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत गेलेला असतो. या वयात सांध्याचं टोक मऊ, रक्ताने भरलेलं असतं. ते चेचतं, सांध्यात रक्त साकळतं. दुखतं म्हणून मूल तोंड हलवत नाही आणि त्या साकळलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू हाड धरतं. कधी हेच फुटक्या कानाच्या जंतुसंसर्गातून होतं. सांधा कवटीला जखडतो. याला अँकिलॉसिस म्हणतात.

तोंड उघडत नाही, हे घरच्यांना उशिरा कळतं, कारण मूल पोळी कुस्करून, दुधात भिजवून खायला शिकलेलं असतं. त्याहून मोठं नुकसान निराळंच. खालच्या जबड्याच्या वाढीचं एक महत्त्वाचं केंद्र याच सांध्याच्या टोकात असतं. ते गेलं की बाकीचा चेहरा वाढतो, हनुवटी मागे राहते. मूल घोरू लागतं, रात्री दचकून उठून बसतं, अंथरूण ओलं करतं, अंगी लागत नाही, चिडचिडं होतं. घोरणाऱ्या मुलांत टॉन्सिल्स आणि अॅडेनॉइड्स हेच नेहमीचं कारण असतं, त्यामुळे डॉक्टरांचंही लक्ष आधी तिकडे जातं. आत गेलेल्या हनुवटीची काळजी मग मुलगी असेल तर लग्नाच्या वयात सुरू होते, तीही दिसण्यापुरती!

उपचार आहेत, पण लांबलचक. तोंडच उघडत नसल्याने भूल देताना नळी बहुधा नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. जखडलेलं हाड कापून सांधा मोकळा केला तरी हनुवटी पुढे येत नाही, श्वास अडायचा तो अडतोच. म्हणून अनेक सर्जन आधी जबडा लांबवतात. हाडाला छेद देऊन स्क्रूचं एक उपकरण बसवतात, काही दिवस थांबतात आणि मग रोज साधारण एक मिलिमीटर, बहुतेकदा सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा, असा तो स्क्रू फिरवायचा. किल्ली कधी कधी आईच्या हातात असते. फटीत नवं हाड भरत जातं. पायाची हाडं लांबवण्याची ही युक्ती सायबेरियातल्या इलिझारोव्ह यांची. मुलांच्या जबड्यासाठी न्यूयॉर्कच्या मॅकार्थी यांनी ती १९९२मध्ये मांडली. सांधा मोकळा केल्यावर व्यायाम चुकवून चालत नाही, नाहीतर तो पुन्हा जखडतो. त्यासाठी अगदी साधी आइस्क्रीमची चपटी लाकडी काडी वापरतात: दातांत काड्यांची चळत धरायची, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची. मूल रडतं, तरी महिनोन्‌महिने करावं लागतं.

हे सगळं टाळण्याची जागा तो पहिला दवाखानाच. हनुवटीला टाके घालताना दोन्ही कानांपुढे बोट दाबून दुखतं का पाहायचं, तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकतो का पाहायचं, शंका आली तर एक्स-रे काढायचा. सांधा मोडलेला असला तरी लहान मुलाचा जबडा फार दिवस बांधून ठेवत नाहीत. मऊ खाणं देऊन लवकर हलता करतात आणि पुढे तपासत राहतात. घरी मोजायला पट्टी लागत नाही. मुलाची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये मावायला हवीत. मावत नसतील, किंवा मागच्या महिन्यापेक्षा कमी मावू लागली असतील, तर जबड्याच्या सर्जनकडे जायचं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत.